मेंदूची साक्ष, माणसाची सही

मराठेशाहीच्या न्यायव्यवस्थेत ‘दिव्य’ नावाचा एक प्रकार होता. वतनाचा तंटा असो की चोरीचा आळ, कागद आणि साक्षीदार यांच्याने उलगडा झाला नाही की दिव्य करायला सांगत. त्यातलं ‘रवा दिव्य’ जुन्या कागदांत पुष्कळ वेळा येतं. तेल-तूप उकळेपर्यंत तापवायचं, त्यात धातूचा लहान तुकडा, म्हणजे रवा टाकायचा आणि दिव्य करणाऱ्याने तो उघड्या हाताने बाहेर काढायचा. त्याआधी हात धुऊन, नखं काढून तपासत. नंतर हाताला पिशवी बांधून वर मोहर करत. ठरलेल्या दिवशी पिशवी सोडून हात पाहायचा. भाजल्याच्या खुणा नसतील तर माणूस खरा, फोड आले असतील तर खोटा.

आमचं जत म्हणजे डफळ्यांचं संस्थान. आदिलशाहीपासूनची देशमुखी, एका बाजूला विजापूर आणि दुसऱ्या बाजूला सातारा. वतनाचे तंटे या मुलखाला नवे नाहीत. आज दिव्याची गोष्ट वर्गात सांगितली की मुलं हसतात. उकळत्या तेलाला खरं-खोटं कसं कळणार, असं विचारतात. प्रश्न बिनतोड आहे. पण दिव्यामागची कल्पना एवढ्या सहजासहजी गेली, असं मला वाटत नाही. माणसाच्या ओठात एक आणि पोटात एक असतं, म्हणून ओठांना विचारूच नये, थेट शरीराकडून साक्ष काढून घ्यावी, ही ती कल्पना. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत महाराष्ट्राने ती नव्या साधनांसह पुन्हा वापरून पाहिली आहे. तेलाच्या कढईच्या जागी आधी इंजेक्शन आलं, मग डोक्याला लावायच्या तारा आल्या. ही हकीगत पोलीस आणि न्यायालय यांची जितकी आहे, तितकीच डॉक्टर आणि दवाखाना यांची आहे. म्हणून ती सविस्तर सांगतो.

सुईने काढलेलं सत्य

‘सत्य बोलायला लावणारं औषध’ ही कल्पना प्रसूतिगृहातून आली. अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये रॉबर्ट हाऊस नावाचे डॉक्टर होते. बाळंतिणीच्या वेदना कमी करण्यासाठी ते स्कोपोलामाइन हे औषध देत. अर्धवट गुंगीतली बाई विचारलेल्या प्रश्नाला सरळ उत्तर देते, हे त्यांच्या ध्यानात आलं. १९२२ मध्ये त्यांनी डलासच्या तुरुंगात दोन कैद्यांवर हा प्रयोग केला. त्यांचा हेतू निरपराध माणसाला वाचवण्याचा होता, हेही नोंदवायला हवं. पुढे भूल देण्यासाठी सोडियम पेंटोथल आलं आणि चौकशीसाठीही तेच वापरात आलं.

पेंटोथल हळूहळू शिरेत सोडलं की माणूस जाग आणि झोप यांच्या मधल्या अवस्थेत जातो. मनावरचा पहारा सैल होतो, जीभ मोकळी होते. पण मोकळी झालेली जीभ फक्त खरंच बोलते, असं वैद्यकशास्त्र म्हणत नाही. त्या गुंगीत आठवण, कल्पना, भीती आणि समोरच्याने प्रश्नातून सुचवलेली गोष्ट या सगळ्यांची सरमिसळ होते. ‘बॉम्ब कुठे ठेवलास?’ या प्रश्नात बॉम्ब ठेवल्याचं आधीच गृहीत धरलेलं असतं आणि गुंगीतल्या माणसाला ते नाकारण्याचं भान नसतं.

महाराष्ट्राला ‘नार्को’ हा शब्द घराघरात कळला तो बनावट मुद्रांक घोटाळ्यामुळे. सीमाभागातल्या खानापूरचा अब्दुल करीम तेलगी हा त्याचा सूत्रधार. २००३ च्या अखेरीस बंगळुरूत त्याची नार्को चाचणी झाली. काही काळाने त्या चाचणीच्या चित्रफिती टीव्हीवर दाखवल्या गेल्या. पलंगावर पडलेला, जड जिभेने बोलणारा माणूस आणि त्याच्या तोंडून निघणारी मोठ्या नेत्यांची नावं लोकांनी जेवता जेवता पाहिली. तेलगी गुन्हेगार होता, न्यायालयांनी त्याला शिक्षा केली. पण एका माणसाला औषध देऊन त्याच्या गुंगीतलं बडबडणं सगळ्या देशाला दाखवलं जातंय, ही बाब तेव्हा फार थोड्यांना खटकली.

याच घोटाळ्यातल्या काही आरोपींनी या चाचण्यांना मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं होतं. संविधानाच्या कलम २० (३) नुसार कुठल्याही आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही, हा त्यांचा आधार. २००४ मध्ये न्यायालयाने त्यांचं म्हणणं फेटाळलं. चाचणीत काय निघेल हे आधी कुणालाच माहीत नसतं. जे निघेल ते आरोपीच्या विरुद्ध असेल आणि पुरावा म्हणून वापरलं जाईल, तेव्हा संरक्षणाचा प्रश्न येईल, असा साधारण युक्तिवाद होता. मेंदूच्या लहरी टिपणं म्हणजे तर निवेदनच नव्हे, असंही न्यायालयाला वाटलं. सक्तीच्या चाचण्यांना त्यामुळे रान मोकळं झालं.

मालेगाव आणि मुंबई

८ सप्टेंबर २००६. शब-ए-बरातचा दिवस, त्यात शुक्रवार. मालेगावच्या बडा कब्रस्तानात नमाजला आणि कबरींवर फातेहा पढायला मोठी गर्दी होती. स्फोट झाले, ३१ माणसं गेली. मरणारे बहुतेक मुसलमान होते. दहशतवादविरोधी पथकाने ज्या नऊ जणांना पकडलं तेही मुसलमानच होते. त्यांना मोक्का लावला गेला. या कायद्यात पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालतो. १८७२ च्या पुरावा कायद्यात मात्र पोलिसापुढची कबुली ग्राह्य नव्हती, कारण कोठडीत कबुली कशी मिळवली जाते हे इंग्रजांनाही ठाऊक होतं. आरोपींना नार्कोसाठी बंगळुरूला नेण्यात आलं.

पुढे तपास सीबीआयकडे आणि मग राष्ट्रीय तपास संस्थेकडे गेला. त्या संस्थेने वेगळ्याच गटावर आरोपपत्र दाखल केलं. नऊ जणांना २०११ मध्ये जामीन मंजूर झाला आणि २५ एप्रिल २०१६ रोजी मुंबईच्या विशेष न्यायालयाने हयात असलेल्या आठही जणांना आरोपमुक्त केलं. नववा माणूस त्याआधीच वारला होता. जवळपास दहा वर्षांचा हा हिशोब आहे.

त्याच वर्षी ११ जुलैला मुंबईच्या लोकलमध्ये साखळी स्फोट झाले होते. त्या खटल्यातल्या आरोपींवरही नार्को चाचण्या झाल्या. त्यांत एक शाळेतले शिक्षक होते, अब्दुल वाहिद शेख. नऊ वर्षं तुरुंगात काढल्यावर २०१५ मध्ये ते निर्दोष सुटले. त्यांनी ‘बेगुनाह कैदी’ हे पुस्तक लिहिलं. त्यात कोठडीतल्या छळाबरोबर या चाचण्यांविषयीही लिहिलं आहे. उर्दू शिकवणारा माणूस म्हणून ते पुस्तक मी आणलं आणि शिक्षक म्हणून वाचलं. उरलेल्या बारा जणांना २०१५ मध्ये शिक्षा झाली होती, पाच जणांना फाशी. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या सगळ्यांना निर्दोष ठरवलं आणि कबुलीजबाब विश्वासार्ह नाहीत, असं म्हटलं. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. मात्र सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात पाठवलं नाही.

स्फोटांत ज्यांच्या घरचं माणूस गेलं, त्यांच्या दुःखाला या निकालांनी उतारा मिळाला नाही, हे विसरून चालणार नाही. खरे गुन्हेगार सापडावेत, ही मागणी त्या घरांचीही आहे आणि आमचीही. माझा मुद्दा वेगळा आहे. गुंगीतून सत्य निघतं, असं या राज्याला सांगण्यात आलं होतं. या दोन मोठ्या खटल्यांत गुंगीतून काय निघालं ते वर मांडलं आहे.

डोक्याला लावलेल्या तारा

इंजेक्शनविषयी शंका वाढत होत्या, तेव्हा ‘ब्रेन मॅपिंग’ आलं. त्यात सुई नाही, वेदना नाही, बोलायचीही गरज नाही. त्यामुळे ते जास्त शास्त्रीय वाटलं.

त्याचं मूळ ईईजीत आहे. फिट येणाऱ्या रुग्णाचा ईईजी काढतात, हे आता खेड्यातही माहीत आहे. जर्मनीतल्या येना इथे हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूतल्या विजेच्या लहरी पहिल्यांदा टिपल्या आणि १९२९ मध्ये ते प्रसिद्ध केलं. १९६५ च्या सुमारास आणखी एक गोष्ट कळली. माणसाला अनपेक्षित किंवा त्याच्या दृष्टीने अर्थपूर्ण असं काही दिसलं की साधारण ३०० मिलिसेकंदांनी मेंदूत एक विशिष्ट लहर उमटते. तिला पी-३०० म्हणतात. गुन्ह्याचा तपशील ओळखीचा असेल तर ती लहर आरोपीचं पितळ उघडं पाडेल, या समजावर अमेरिकेत ‘ब्रेन फिंगरप्रिंटिंग’ उभं राहिलं. आपल्याकडे बंगळुरूच्या निम्हान्समध्ये पूर्वी काम केलेले चंपादी रामन मुकुंदन यांनी त्याच्या पुढची पद्धत काढली. तिचं नाव बीओस. एखादी गोष्ट माणसाने नुसती ऐकली आहे की स्वतः केली आहे, यातला फरक आपली पद्धत दाखवते, असा त्यांचा दावा होता. महाराष्ट्र आणि गुजरात या राज्यांनी ती तपासासाठी घेतली.

१२ जून २००८ रोजी पुण्याच्या सत्र न्यायाधीश शालिनी फणसळकर-जोशी यांनी एका खून खटल्यात एमबीएची विद्यार्थिनी असलेल्या तरुणीला आणि तिच्या जोडीदाराला जन्मठेप दिली. आरोप होता प्रसादात आर्सेनिक घालून जुन्या वाग्दत्त वराला मारल्याचा. पुरावे इतरही होते, पण निकालात बीओस चाचणीला महत्त्वाचं स्थान मिळालं. चाचणी अशी झाली होती. तरुणीच्या डोक्याला ३२ इलेक्ट्रोड लावले. ती डोळे मिटून गप्प बसली. तिच्यासमोर ‘मी आर्सेनिक विकत घेतलं’ अशा अर्थाची, प्रथमपुरुषी वाक्यं एकेक करून वाचली गेली. यंत्राने लहरी टिपल्या आणि तिला या गोष्टींचं ‘अनुभवजन्य ज्ञान’ आहे, असा अहवाल आला. तिने तोंडातून एक शब्द काढला नव्हता.

या निकालाची चर्चा जगभर झाली. मेंदूच्या अशा चाचणीचा आधार घेऊन खुनाची शिक्षा होणं बाहेरच्या शास्त्रज्ञांनाही नवं होतं. त्याच वर्षी निम्हान्सचे संचालक डॉ. डी. नागराज यांच्या अध्यक्षतेखालील समितीने या पद्धतीला पुरेसा शास्त्रीय आधार नाही, तिचा तपासात आणि न्यायालयात वापर करू नये, असा अभिप्राय दिला. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने त्या दोघांना जामीन दिला.

इथे थोडा विचार करू. आठवण म्हणजे कपाटात ठेवलेली फाईल नव्हे. दर वेळी आठवताना मेंदू ती नव्याने जुळवतो, त्यात ऐकलेलं आणि कल्पिलेलं मिसळतं. ज्या बाईला पोलिसांनी तोच तपशील अनेकदा विचारला असेल, वकिलाने समजावला असेल, वर्तमानपत्रांनी छापला असेल, तिच्या मेंदूला तो ओळखीचा वाटणारच. ती लहर गुन्ह्याची की चौकशीची, हे यंत्राने कसं वेगळं करायचं? दिव्यातल्या फोडांचाही हाच प्रश्न होता. फोड खरेच होते, त्यांचा लावलेला अर्थ मात्र माणसाचा होता.

न्यायालयाने काय म्हटलं

५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य’ या खटल्यात निकाल दिला. सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन, न्या. आर. व्ही. रवींद्रन आणि न्या. जे. एम. पांचाळ यांचं खंडपीठ होतं. नार्को, लाय डिटेक्टर आणि ब्रेन मॅपिंग या तिन्ही चाचण्या संमतीशिवाय करता येणार नाहीत, असं न्यायालयाने ठरवलं. बोटांचे ठसे किंवा हस्ताक्षराचा नमुना सक्तीने घेता येतो, हे १९६१ मध्येच अकरा न्यायाधीशांच्या पीठाने सांगितलं होतं. पण मनातलं काढून घेणं त्याहून वेगळं आहे. बोलायचं की गप्प राहायचं, ही निवड माणसाची आहे आणि ती औषधाने किंवा यंत्राने हिरावून घेता येणार नाही. या चाचण्या म्हणजे थर्ड डिग्रीला सौम्य पर्याय, हा सरकारी युक्तिवादही चालला नाही. संमती असेल तर ती दंडाधिकाऱ्यापुढे, वकिलाच्या मदतीने, परिणाम समजावून सांगून नोंदवायची. तरीही चाचणीचा निष्कर्ष पुरावा होत नाही. तिच्यातून पुढे एखादी वस्तू सापडली तर तेवढी ग्राह्य धरता येते. जून २०२५ मध्ये बिहारच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला हेच पुन्हा सांगावं लागलं. पंधरा वर्षांनीही सांगावं लागलं, यातच सगळं आलं.

या प्रश्नाकडे डॉक्टरांनीही पाहिलं होतं. नार्को चाचणी पोलीस करू शकत नाहीत, शिरेत औषध सोडायला भूलतज्ज्ञ लागतो. तिथे त्या डॉक्टरचा रुग्ण कोण? पलंगावरचा माणूस की शेजारी उभा असलेला अधिकारी? मुंबईचे डॉ. अमर जेसानी यांनी ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’मधून हा मुद्दा निकालाच्या आधी, २००६ मध्येच मांडला होता. हे नियतकालिक मुंबईतल्याच डॉक्टर-कार्यकर्त्यांनी १९९३ पासून चालवलेलं. डॉक्टरने छळात सहभागी होऊ नये, असं जागतिक वैद्यक संघटनेने १९७५ च्या टोकियो घोषणेत म्हटलं आहे. डॉक्टर खोलीत असला की छळ ‘चाचणी’ होतो, आणि तेवढ्यासाठीच डॉक्टर खोलीत हवा असतो.

फिकहमध्येही याच्याशी जुळणारं एक तत्त्व आहे. झोपलेला माणूस, अजाण मूल आणि ज्याची शुद्ध हरपली आहे तो, या तिघांच्या बोलण्या-वागण्याचा हिशोब धरला जात नाही. धाकदपटशाने घेतलेली कबुलीही बहुतेक फकीहांनी बाद मानली आहे. आपल्या मदरशांत हे शिकवलं जातं, पण भूल दिलेल्या माणसाच्या जबाबाशी ते जोडून दाखवलं जात नाही. जोडायला हवं.

दवाखान्यातली सही

कोठडीतला प्रश्न इथपर्यंत. पण ‘संमती’ हा शब्द कोठडीपेक्षा दवाखान्यात जास्त वेळा येतो आणि तिथे तो आपल्या सगळ्यांच्या वाट्याला येतो.

जत तालुक्यात डोक्याला मार लागला, झटका आला, वारंवार फिट येऊ लागली की माणसाला मिरज-सांगलीला न्यायचं, नाहीतर विजापूरला. मिरजेत १८९४ पासून मिशनचं रुग्णालय आहे, त्यामुळे ‘मिरजेला नेलंय’ म्हटलं की आजार मोठा आहे हे आमच्याकडे आपोआप कळतं. उमदी-संखकडचा माणूस घरी कन्नड बोलतो, आमच्या मोहल्ल्यातली माणसं दखनी बोलतात, शाळा मराठी किंवा उर्दू. आणि संमतीपत्र बहुतेक वेळा इंग्रजीत. मला उर्दू, मराठी आणि कामापुरती इंग्रजी वाचता येते, म्हणून नातेवाईक फोनवर कागदाचा फोटो पाठवतात आणि विचारतात, ‘सर, देखो ना, इसपे क्या लिखेला है? अंगूठा लगाऊ क्या?’ एकदा एका मोठ्या शहरातल्या रुग्णालयातून आलेला असा कागद मी वाचला. कवटी उघडण्याच्या शस्त्रक्रियेचा तो कागद होता. धोके सगळे लिहिलेले होते, पण ज्या बाईचा अंगठा त्यावर आधीच उठला होता, तिला त्यातला एकही धोका कुणी सांगितला नव्हता. तिला एवढंच माहीत होतं की अंगठा दिल्याशिवाय नवऱ्याला आत नेणार नाहीत.

डॉक्टरांवर कामाचा भार किती असतो ते मी पाहतो. घाईच्या वेळी जीव वाचवणं पहिलं, यातही वाद नाही. पण कायदा काय म्हणतो ते माहीत असावं. जानेवारी २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका महिला रुग्णाच्या खटल्यात सांगितलं की तपासणीला दिलेली संमती म्हणजे शस्त्रक्रियेला दिलेली संमती नव्हे. उपचार काय, धोके काय, दुसरे पर्याय कोणते, हे रुग्णाला पुरेसं कळलं पाहिजे. ती बाई भुलीत असताना तिच्या आईकडून घेतलेली परवानगी न्यायालयाने पुरेशी मानली नाही. हा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती रवींद्रन दोन वर्षांनी सेल्वी खटल्याच्या खंडपीठावरही होते. दवाखाना आणि कोठडी या दोन्ही ठिकाणी कायद्याचा आधार एकच आहे. शरीर आणि मन ज्याचं, त्याला ‘नाही’ म्हणता आलं पाहिजे.

ज्याला ‘नाही’ म्हणताच येत नाही त्याचं काय, हा प्रश्न महाराष्ट्रानेच देशापुढे ठेवला. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी परळच्या केईएम रुग्णालयात परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर हल्ला झाला. गळा आवळला गेल्याने मेंदूचा रक्तपुरवठा तुटला आणि पुढची जवळपास ४२ वर्षं त्या त्याच रुग्णालयात पडून राहिल्या. पत्रकार पिंकी विरानी यांनी त्यांच्या मृत्यूच्या हक्कासाठी याचिका केली. केईएमच्या परिचारिकांनी विरोध केला, आम्ही त्यांना सांभाळतो आहोत, असं त्यांचं म्हणणं होतं. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने याचिका फेटाळली, पण कडक अटींवर उपचार थांबवण्याची वाट मोकळी केली. १८ मे २०१५ रोजी अरुणा गेल्या. २०१८ मध्ये जिवंतपणीच आपली इच्छा लिहून ठेवण्याचा, म्हणजे लिव्हिंग विलचा हक्क मान्य झाला. मानसिक आरोग्य कायद्यातही, जो २०१८ मध्ये अमलात आला, आपल्यावर कोणते उपचार व्हावेत आणि कोणते नकोत हे आधी लिहून ठेवता येतं. भूल न देता विजेचे झटके देण्याला त्याच कायद्याने बंदी घातली आणि मानसिक आजारासाठी मेंदूवर शस्त्रक्रिया करायची तर रुग्णाची संमती आणि मंडळाची परवानगी दोन्ही बंधनकारक केल्या. त्याला कारणही आहे. मेंदूचा पुढचा भाग कापून वेड बरं करण्याच्या शस्त्रक्रियेला १९४९ मध्ये नोबेल मिळालं होतं आणि नंतर त्याच शस्त्रक्रियेने असंख्य माणसं जिवंतपणी मुकी-बधिर झाली.

आता जे दारात आहे

जानेवारी २०२४ मध्ये इलॉन मस्क यांच्या न्यूरालिंक कंपनीने पहिल्यांदा एका माणसाच्या मेंदूत चिप बसवली. मानेखाली लुळा पडलेला तो तरुण नुसत्या विचाराने संगणकाचा बाण हलवू लागला. कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूत तारा बसवण्याचे उपचार तर भारतातही होतात. ज्याच्या घरात असा रुग्ण आहे त्याला ही देणगीच वाटेल आणि ती आहेही. पण अंधांच्या डोळ्यांत यंत्र बसवणाऱ्या अमेरिकेतल्या ‘सेकंड साइट’ कंपनीने काही वर्षांपूर्वी ते उत्पादन बंद केलं. शरीरात यंत्र बसवलेली माणसं दुरुस्तीवाचून तशीच राहिली. मेंदूतल्या चिपची कंपनी बुडाली तर काय, हा प्रश्न संमतीपत्रात असायला हवा.

शाळेचा संबंधही दूरचा नाही. २०१९ मध्ये चीनमधल्या जिनहुआ इथल्या एका प्राथमिक शाळेत मुलांच्या डोक्याला पट्टे बांधून त्यांचं लक्ष किती आहे ते मोजत आणि आकडे शिक्षकाला दाखवत. बोंब झाल्यावर ते थांबवलं. माझ्या वर्गात खिडकीबाहेर बघणारी मुलं असतात. त्यांतलं कोण उपाशी आलंय, कोणाचा बाप ऊसतोडीला गेलाय, हे मला विचारून कळतं. पट्ट्याला फक्त ‘लक्ष नाही’ एवढंच कळेल.

चिलीने २०२१ मध्ये संविधानात दुरुस्ती करून मेंदूतल्या माहितीला संरक्षण दिलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये समरकंदला भरलेल्या युनेस्कोच्या परिषदेने मेंदू-तंत्रज्ञानाच्या नैतिकतेविषयी शिफारशी स्वीकारल्या. आपल्या २०२३ च्या डिजिटल माहिती संरक्षण कायद्यात मात्र मेंदूच्या किंवा आरोग्याच्या माहितीसाठी वेगळा वर्ग नाही. फोन नंबरला जो नियम तोच मेंदूच्या लहरींना.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर आपल्या हातात काही साध्या गोष्टी आहेत. संमतीचा कागद रुग्णाच्या भाषेत मागायचा. तसा नसेल तर त्याच्या भाषेत मोठ्याने वाचून घ्यायचा आणि वाचणाऱ्याने त्याखाली आपलं नाव लिहायचं. ‘नाही म्हटलं तर काय होईल?’ हा प्रश्न डॉक्टरला विचारायचा आणि उत्तर ऐकूनच अंगठा द्यायचा. पोलीस एखाद्या पोराला ‘चाचणी करून घे, सुटशील’ म्हणत असतील तर आधी वकील गाठायचा आणि ५ मे २०१० चा निकाल दाखवायचा. आमच्याकडे दहावीच्या मुलांना अर्ज लिहायला शिकवतात. या वर्षीपासून मी त्यांना एक संमतीपत्रही वाचायला देणार आहे, मराठीत आणि उर्दूत. घरात इंग्रजी कागद आला की तो वाचायची जबाबदारी शेवटी याच मुलांवर येते.